हरकत नाय

नव्वदच्या दशकात शहर आमच्या गावाच्या अंगावर येत होतं. खाडीच्या पुलापलीकडं आधी क्रेन दिसल्या, मग इमारती, आणि मग पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. पुलाच्या अलीकडची आमची गावं महानगरपालिकेच्या हद्दीत घ्यायचा विचार आहे, कुणाची हरकत असल्यास सुनावणीला यावं.

मी तेव्हा महाप्याच्या एका ऑफिसात नोकरी करायचे. खरं सांगायचं तर मला नळाचा मोह होता. पहाटे विहिरीवर रांग लावायची, मग इस्त्रीचा ड्रेस घालून बस पकडायची, याचा मला वीट आला होता. आईचा जीव मात्र खळ्यात अडकलेला. गावाच्या मधोमध सारवलेलं, सगळ्यांचं सामाईक खळं. भात झोडून झालं की त्यावरच बायका जवळा, ती खाडीतली बारीक कोळंबी, वाळत घालायच्या. वडील गेल्यावर त्या सुक्या जवळ्यावर आमचं घर चाललं आणि माझं कॉलेजही झालं.

मावशीचं गाव आधीच हद्दीत गेलं होतं. तिथं नव्या सोसायट्यांनी तक्रार केली आणि उघड्यावर मासळी वाळवायला बंदी आली. वास पिढ्यान्‌पिढ्या तोच होता, नाकं तेवढी नवी होती! मावशी आता गच्चीवर लपूनछपून जवळा वाळवायची. ते ऐकून आई दोन दिवस धड जेवली नव्हती.

सुनावणी शहरातल्या एका शाळेच्या हॉलात होती. आम्ही टेम्पो भरून गेलो. एकेकाला टेबलापुढं बोलावत होते आणि आईची पाळी येईपर्यंत दुपार टळली. साहेब सभ्य होते, हे मान्य करायलाच हवं. आईकडं बघून म्हणाले, "आजी, फार वेळ उभं राहावं लागलं तुम्हाला."

आई संकोचून हसली. "हरकत नाय, साहेब."

"हरकत नाही," साहेबांनी शेजारच्या कारकुनाला सांगितलं. "चला, पुढचे कोण?"

माझं डोकंच सणकलं. आमच्याकडं पाहुण्यानं चहा सांडला तरी 'हरकत नाय', कुणी पायावर पाय दिला तरी 'हरकत नाय'. त्या एका शब्दावर आमचं खळं जाणार? मी तावातावानं पुढं घुसले, तसा आईनं माझा हात दाबला. मग तिनं पदर खोचला आणि टेबलासमोर फरशीवर सरळ मांडी ठोकली.

"आजी, तुमचं झालं ना?"

"नाय झाला. उभं राहाला हरकत नव्हती, साहेब. गाव न्यायला हरकत हाय. आमच्या खल्याला हात लावाला हरकत हाय. लिवा."

"अहो, तुमच्या भल्याचंच आहे. रस्ते येतील, पाणी येईल."

"पानी पायजेच. माझी पोर रोज विहिरीवर रांग लावते. पन पान्याच्या बदल्यात खला देनार नाय. तुमची हद्द तुमच्याकडं ठेवा."

कारकुनानं लिहिलं. तो लिहून होईपर्यंत आई उठली नाही. आमच्या पाठीमागच्या माणसांनी धडा घेतला. त्यानंतर प्रत्येक जण नमस्काराच्याही आधी 'हरकत हाय' म्हणू लागला. एका म्हाताऱ्याला शिपायानं पाणी विचारलं, तर तो त्यालाही तेच म्हणाला.

शहर कितीही मोठं असो, पाय पसरण्याआधी त्याला आमचं ऐकून घ्यावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. काही महिन्यांनी निर्णय आला. हद्द खाडीच्या पुलाशी थांबली आणि आमचं गाव बाहेर राहिलं. बायकांनी खळं नव्यानं सारवलं. मला आनंद झाला आणि दुसऱ्याच पहाटे विहिरीवर रडूही आलं, कारण नळसुद्धा पुलापलीकडंच राहिला होता.

आईनं माझ्या हातातली कळशी घेतली. म्हणाली, "गाव आपला ऱ्हायला ना? मंग पानी पन आपुनच आनाचा. चल."

आम्ही जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. तिथले साहेबही सभ्यच निघाले. कागद बाजूला सारत म्हणाले, "पाइपलाइनला जरा वेळ लागेल, मावशी. हरकत नाही ना?"

आईनं पदर खोचला आणि फरशीवर मांडी घातली.