पाण्यानं लिहिलेलं

"अहो, खाली बघा, खाली!" बायको मागून ओरडत होती. मी बीजिंगमधल्या एका बागेत दोन्ही हात सोडून सायकल चालवत होतो. पुण्यात मी सायकलवरच जन्मलो, चालायला नंतर शिकलो, असं आमच्या सायकल-सहलीची गाईड मेई हिला मी आधीच ऐकवलं होतं.

खाली फरशीवर पाण्यानं लिहिलेली अक्षरं होती. त्या ढगाळ सकाळी एक आजोबा झाडूएवढा कुंचला बादलीत बुडवून लिहीत होते, आणि माझी दोन्ही चाकं त्यांच्या ओळींवरून गेली होती. चाकांचा ओला पट्टा थेट चीनच्या भिंतीपर्यंत पोचला असावा.

आमच्या गल्लीत कुणाच्या दारात रांगोळी दिसली, तर मी रस्ता ओलांडून पलीकडून जातो. तिथं मला सगळे ओळखतात, म्हणून तर नव्हे? फिसकटलेल्या अक्षरांसमोर मी इतका वाकलो, की पाठ अजून सरळ झालेली नाही. आजोबा हळूच काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?" मी मेईला विचारलं.

"म्हणतात, उन्हानं ते पुसलंच असतं," मेई म्हणाली. "पण ऊन अजून आलं नव्हतं."