जोडीनं सत्कार

कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी बागेत झाडावरच्या पेरूंना फोमची जाळी आणि पिशव्या घालत होते.

"मॅडम, मॅनेजमेंट विभागाच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांत तुमचं नाव घेतलंय," क्लार्क म्हणाला. "सत्कार हाय. सध्या काय करता तुमी?"

"घरीच असते. पण सेट पास झालेय," मी म्हणाले. सेट म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा. संसार सांभाळून पास झाले होते, त्यामुळे ते सांगताना माझा आवाज जरा चढलाच.

"सेट पास म्हंजे काय पद न्हाय की, मॅडम. बोर्डावर काय लिवायचं? शेती हाय ना?"

"आहे. पेरू आहे."

"मग झालं की! प्रगतिशील कृषी उद्योजिका." त्यानं फोन ठेवला. मी हसत हसत उरलेल्या झाडांना पिशव्या घातल्या. उद्योजिका म्हणोत नाहीतर आणखी काही. मला त्या कॉलेजात जायचं होतं, कारण त्याच कार्यक्रमात आमच्या सरांचा निवृत्तीचा निरोप समारंभ होता, आणि सरांची जागा मोकळी होणार होती.

सर आम्हाला मार्केटिंग शिकवायचे. मूळचे सुप्याकडचे, कोरडवाहू गावातले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्ग भरवला तो बारामतीच्या मार्केट यार्डात, गुळाच्या लिलावाला. आम्ही मुली तोंडाला स्कार्फ बांधून उभ्या. सर विचारायचे, "ही ढेप त्या ढेपेपेक्षा चढ्या भावानं का गेली?" आम्ही पुस्तकातलं काहीतरी सांगायचो आणि सर तिथंच, हमालांच्या मध्ये, पोट धरून हसायचे. मला तेव्हाच कळलं होतं की मला दुसरं काही नको, हे असं शिकवायचंय. पुढं मी विद्यापीठात पहिली आले. सर कळंबजवळच्या आमच्या घरी पेढे घेऊन आले आणि वडिलांना म्हणाले, "हिला आमच्याकडंच घेणार. माझ्यानंतर माझी जागा हिचीच."

वडिलांनी ते वाक्य जपून ठेवलं आणि माझ्या लग्नाच्या बैठकीत काढलं. पोरगी पुढं प्राध्यापक होणार हाय, म्हणाले. सासरची मंडळी म्हणाली, "होऊ द्या की, आमी कुठं न्हाय म्हणतोय?" आमच्या भागात हे वाक्य फार कामाचं आहे. ते बोललं की होकारही दिला जातो आणि पुढं काही करावंही लागत नाही.

मग मुलगी झाली, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पेरूची नवी बाग लागली. मी पॅकिंगच्या शेडमध्ये खोक्यांवर बसून अभ्यास केला. दोनदा नापास झाले, मग पास झाले. अधूनमधून सरांचा फोन यायचा. "अभ्यास सोडू नको. जागा कुठं पळून जात नाही," ते म्हणायचे. मी त्या एका वाक्यावर वर्षं काढली.

सत्काराच्या दिवशी मी साधी कॉटनची साडी नेसले आणि सेटचं प्रमाणपत्र पर्समध्ये घातलं. यांचा चेहरा पडला. "अगं, पैठणी नेस की. सत्काराला निघालीस का तासाला?"

"तासाला," मी म्हणाले. यांना गंमत वाटली.

कॉलेजच्या फाटकाजवळ भला मोठा फ्लेक्स होता. एक बँकेतला अधिकारी, एक साखर कारखान्याच्या ऑफिसातला, आणि एक जो दुसऱ्या वर्षी परीक्षेलाच बसला नव्हता, पण त्याची गाडी आता फ्लेक्सपेक्षा लांब होती. त्यांच्या रांगेत मी. फोटो क्लार्कनं फेसबुकवरून उचललेला. शेजारी उभे असलेले हे कापून काढले होते, पण माझ्या खांद्यावर यांची चार बोटं तशीच राहिली होती. त्याखाली 'नामवंत प्राध्यापक' म्हणून सर एकटेच. बाकीचे सगळे तासिका तत्त्वावरचे, ते पाहुण्यांना पाणी देत फिरत होते.

माझं नाव पुकारलं. मी पायऱ्या चढले, तोवर निवेदकाला सुचलं, "मॅडमचा सत्कार जोडीनं व्हावा, अशी मी विनंती करतो." टाळ्या. हे दोनदा नको नको म्हणाले आणि आले. यांना फेटा बांधला, शाल पांघरली, नारळ दिला. मला कुंकू लावून ब्लाउजपीस. मग माईक आला. मी हात पुढं केला होता. मी बोलणार होते, सरांविषयी, गुळाच्या लिलावाविषयी. आदल्या दिवशी भाकऱ्या थापताना पाठ केलं होतं. निवेदकानं माईक यांच्या हातात दिला.

आमचा माणूस वाईट नाही. घाम पुसत म्हणाले, "मी काय बोलणार? पेरू झाकून वाढवला की डाग पडत न्हाय, एवढंच मला म्हायती. मिसेसचं शिक्षण लई उपयोगी पडतं. पिशव्या-खोक्यांचं सगळं तीच बघती." हॉल हसला, टाळ्या वाजल्या. मला यांचा इतका राग आला, आणि हे फेट्याखालून इतके भाबडे हसत होते की तो रागही मला धड करता येईना.

जेवणाच्या वेळी मी प्राचार्यांना गाठलं. "सर, मी सेट पास आहे. आमच्या सरांच्या जागेसाठी अर्ज करायचाय."

"तुम्ही?" त्यांच्या हातात पुरी होती. "मॅडम, तुम्ही आमची यशोगाथा! तपासणी समितीपुढं तुमचं नाव उद्योजिका म्हणून ठेवलंय. तुम्हाला कशाला तास-बीस?" मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "आणि जागा कुठली? प्रवेशच होईनात. विभाग बंद करतोय. आता आहे ती शेवटची बॅच. सरांच्या विषयाचं जे राहील ते मुलं नोट्सवरून उरकतील. सरांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"मग हा सत्कार?"

"समिती एका विभागाला नाही, अख्ख्या कॉलेजला येते ना, मॅडम. नामवंत तर दाखवावेच लागतात."

सर स्टाफरूममध्ये शाल तशीच पांघरून बसले होते. मी नमस्कार केला नाही. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय," सर म्हणाले. "गेल्या वर्षीच ठरलं."

"मग गेल्या वर्षी मला परत सेटला का बसवलंत?"

त्यांनी शालीच्या टोकानं टेबलावरची काच पुसली. "मी फोन केला की तू विचारायचीस, सर, आता पुढं काय वाचू? इथं मला असं कुणी विचारत नाही गं आता. सांगायला तोंडच उघडेना."

असं बोलल्यावर माणसानं काय करावं? मला ओरडायचं होतं. तुम्ही जागा द्या म्हणून नव्हते म्हणत, खरं सांगा म्हणून म्हणत होते, असं सांगायचं होतं. तेवढ्यात बेल झाली. सर म्हणाले, "दुपारचा तास आहे. माझा शेवटचाच. तू घे."

तुमचा तास तुम्हालाच लखलाभ, असं ओठांवर आलं होतं. पण पाय आधीच निघाले. उपाशी माणसापुढं शिळं वाढलं तरी तो ताटावर बसतोच.

वर्गात बाकडी जास्त आणि मुलं थोडी. सर मागं जाऊन बसले. मी खडू घेतला आणि विचारलं, "आमच्या बागेतला पेरू. एकाच दिवशी तोडला, एकाच गाडीत भरला, एकाच बाजारात गेला. दोन खोक्यांना दोन भाव का?" मुलांनी पुस्तकातली उत्तरं दिली. मी हसले. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, खोक्यातला वरचा थर बघून." आणि सगळा वर्ग बोलता झाला. कुणाचा भाजीपाला, कुणाच्या वडिलांचं दुकान, जो तो आपल्या घरचं सांगू लागला, भांडू लागला, आणि मी त्यातून एकेक मुद्दा ओढून फळ्यावर लिहीत गेले. मला आवाज चढवावा लागला नाही. मी चांगली शिकवते, हे मला त्या दिवशी कळलं. कळायला नको होतं.

बेल झाली. दारात हे फेट्यासकट उभे होते, गाडीची किल्ली हातात. मुलं उठायला तयार नव्हती. ती पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ब्रँडचं राहिलं. ते उद्या घेताय ना?"

"न्हाय गं. मी हितं शिकवत न्हाय."

"मग कोण घेणार?"

मी मागच्या बाकाकडं पाहिलं. सर मान खाली घालून शालीची घडी घालत होते. ती मुलगी खरोखरच उत्तराची वाट बघत होती.

"कुणी न्हाय," मी म्हणाले, आणि रडू आवरेना तेव्हा फळा पुसायला वळले.