बिनकाचेचं घड्याळ

तुळजाक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी ओपीडीत एका कारकुनाच्या डोळ्यांचा नंबर काढत होतो. दारात तिचा भाऊ मारुतीअण्णा उभा होता. यशवंतपूरच्या रेल्वे गुदामात काम करणारा हा माणूस दवाखान्याची पायरी सहसा चढत नाही. "व्यंकू, अक्का सकाळी उठलीच नाही," एवढंच तो म्हणाला. मी कारकुनाला "स्वल्प थांबा" म्हटलं आणि तरीही पुढचं भिंग चौकटीत सरकवलं. हात आपोआप चालले. अक्काने असेच हात तयार करून दिले होते आमचे. त्याला आता पाच आठवडे झाले, आणि लिहायला बसलोय तरी दुःखापेक्षा रागच वर येतोय. तो का, ते पुढे येईलच.

अक्का माझ्या नात्यातली नव्हे. पेठेतल्या आम्हा जुन्या मराठी घरांत सगळ्यांचीच ती अक्का. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा माहेरी न जाता ती आमच्या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. मोठ्या डॉक्टरांनी तिचा हात पाहिला आणि हळूहळू सगळं शिकवलं. ऑपरेशनच्या आधी पापण्यांचे केस कापणं, थेंब घालणं, हत्यारं उकळणं, अंधाऱ्या खोलीत आरशाने डोळ्यावर उजेड फिरवून नंबर काढणं. पुढे दवाखान्याने डोळ्यांच्या सहायकांसाठी वर्षाचा रीतसर कोर्स सुरू केला, तेव्हा शिकवायला तीच. तिच्या स्वतःकडे कसलंच सर्टिफिकेट नव्हतं, आणि आम्ही सहा जण मॅट्रिकचे कागद मिरवत तिच्यासमोर बसलेलो! पहिल्याच दिवशी तिने आमची नखं तपासली आणि चौघांना घरी पाठवलं. त्या चौघांत मीही होतो.

त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर पेशंटला दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून आठवडाभर उताणं झोपवत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. मग पट्टी सुटायची, आणि सहायकाने बोटं दाखवून विचारायचं, किती? कोर्सच्या चौथ्या महिन्यात हे काम माझ्याकडे आलं. बायकांच्या वॉर्डात होसकोटेकडची एक म्हातारी होती, चेन्नम्मा नावाची. पट्टी सोडली, बोटं धरली आणि कानडीत विचारलं, "काणिसुत्ता अज्जी?" म्हणजे दिसतंय का? "काणिसुत्ते, काणिसुत्ते," म्हातारी म्हणाली. "किती बोटं?" "एरडु." दोन. बरोबर. मी वहीत 'ठीक' असं लिहिलं आणि ऐटीत पुढच्या खाटेकडे गेलो.

अर्ध्या तासाने अक्का फेरीला आली. वही वाचली, चेन्नम्मासमोर उभी राहिली आणि काही न बोलता बंद मूठ धरली. म्हातारी हसून म्हणाली, "एरडु." शेजारच्या खाटेवरची बाई तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागली. मग उलगडलं. मी रोज, प्रत्येक पेशंटला दोनच बोटं दाखवत होतो. बायकांनी ते केव्हाच हेरलं होतं आणि नवीन आलेल्या प्रत्येकीला प्रेमाने सांगून ठेवलं होतं, पोरगा विचारेल, एरडु म्हणायचं, की घरी सोडतात. चेन्नम्माच्या नातीचं लग्न चार दिवसांवर होतं. तिला घरी जायचं होतं, बस्स.

ऑपरेशनची जखम टाक्यापाशी उघडली होती. डॉक्टरांनी दुपारीच तिला पुन्हा टेबलावर घेतलं. डोळा वाचला. एक दिवस उशीर झाला असता तर वाचला नसता, हे डॉक्टरांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं. नातीचं लग्न मात्र चुकलं. मी जिन्याखाली तोंड लपवून बसलो होतो. आता कोर्समधून नाव काढणार हे मी धरूनच चाललो होतो. अक्का आली आणि म्हणाली, "मॅट्रिक पास झालायस ना रे? मग दोनच्या पुढे मोजता येत असेल." मी रडायलाच लागलो. मग खाली पायरीवर बसून ती म्हणाली, "म्हातारीवर चिडू नकोस. दिसतंय का असं विचारलंस तर माणूस हो म्हणणारच. डॉक्टरांनी एवढं केलं, त्यांना नाही कसं म्हणायचं? शिवाय घरी जायचं असतं. काय दिसतंय ते विचारावं. आणि उत्तर आलं तरी विश्वास ठेवू नये, त्याचे हातपाय बघावे. कसा चालतो, पेला कसा धरतो." आज तो कोर्स मी शिकवतो, आणि माझ्या वर्गातली मुलं-मुली हेच शिकून बाहेर पडतात. वहीत लिहून घेतात, परीक्षेत मार्कही मिळवतात.

आता रागाचं. तीनेक वर्षांपूर्वी अक्का वॉर्डातल्या स्टुलाला अडखळली आणि आयांवर उखडली, "ही काय स्टूल ठेवायची जागा?" स्टूल रोजच्याच जागी होतं. आम्ही हसलो. पुढे ट्रेलाही धक्का लागला, दोनदा. मग गुडघे दुखतात म्हणून तिने काम सोडलं. आम्ही हार घातला, भाषणं केली, मी तर गुडघ्यांवर विनोदही केला. बाजूची नजर जाऊन माणूस असा धडकायला लागला की आधी काचबिंदूची शंका घ्यावी, हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं असेन!

शेवटचं भेटलो ते ती जायच्या महिनाभर आधी. पेठेतली तिची ती एक खोली आणि स्वयंपाकघर, दाराची किल्ली कायम कमरेला. तिने कॉफी केली आणि ओतताना पेल्याच्या काठाच्या आत बोट धरलं. "अक्का, बोट बुडवलंस की!" मी म्हटलं. "माझंच बोट आहे, गोड लागेल," ती म्हणाली. फळीवरच्या घड्याळाला काच नव्हती. विचारलं तर म्हणाली, फुटली, बसवायचीय. थोड्या वेळाने उठून ती पदराने घड्याळ पुसू लागली आणि म्हणाली, "साडेपाच झाले, नीघ, तुझी बस जाईल." चपला घालता घालता मी विचारलं, "डोळे बरे आहेत ना? दिसतंय ना नीट?"

"दिसतंय रे. सरी, ठीक आहे सगळं."

आणि मी बस पकडली.

दिवस झाल्यावर मारुतीअण्णाबरोबर मी तिची खोली आवरायला गेलो. फळीवरच्या डब्यांना दोरे बांधलेले होते. मिठाच्या डब्याला एक गाठ, साखरेच्या डब्याला दोन. मी अण्णाकडे बघितलं. तो खाली बसला. "दीड वर्ष झालं, दिसत नव्हतं तिला," म्हणाला. "डावा आधीच गेला होता, मग उजवा. मला शपथ घातली होती. व्यंकूला कळलं तर तो खाटेवर झोपवेल, आणि मग तुम्ही मला तुमच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये नेऊन ठेवाल, म्हणायची. माझ्या दाराची किल्ली माझ्याकडेच राहू दे, म्हणायची." त्या क्वार्टरमध्ये आधीच सात माणसं. तिला ते का नको होतं, ते मला कळतं. पण वेळेवर कळलं असतं तर निदान उजवा डोळा थेंबांनी टिकवता आला असता, आणि किल्लीही तिच्याच कमरेला राहिली असती. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून राग येतो. तिचा येतो, अण्णाचा येतो, आणि बाकीचा सगळा माझा मलाच.

घड्याळ अण्णाने मला दिलं. त्याच्या मागे फळीवर फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. सोडून बघितलं तर काच, अख्खी, एक ओरखडा नाही. फुटली नव्हतीच. तिने ती नीट काढून ठेवली होती, काट्यांना बोट लावून वेळ कळावी म्हणून. पदराने पुसणं ते तेवढ्यासाठी. मोठा काटा टोकाला जरासा वाकलाय.

ते घड्याळ आता आमच्या शिकवायच्या खोलीत आहे. काच माझ्या खणात, त्याच फडक्यात. वर्गातलं कोणी ना कोणी विचारतंच, सर, याला काच का नाही? मी सांगतो. चेन्नम्माचं सांगतो, स्टुलाचं, पेल्यातल्या बोटाचं, सगळं. आणि शेवटी हेही सांगतो, की चपला घालता घालता मी तिला दिसतंय ना म्हणून विचारलं, आणि दोन बोटंसुद्धा दाखवली नाहीत.