रसवंतीवर छापलेली विहीर

रसवंतीवर रस निघतो ग्लासभर आणि चिपाडं साठतात ढीगभर. आमच्या एचिंग मंडळाचंही तसंच. चित्रं झाली मोजून पाच, आणि किस्से किती ते विचारू नका!

सुरुवात केली आमच्या ड्रॉइंगच्या निवृत्त सरांनी. एका रविवारी पुस्तक उघडून म्हणाले, "एकोणिसाव्या शतकातले हे अमेरिकन चित्रकार बघा! मेण लावलेला तांब्याचा पत्रा घेऊन नदीकाठी जायचे, तिथंच सुईनं निसर्ग कोरायचे. मेण निघालं तिथं ॲसिड तांबं खातं. मग त्या रेषांत शाई भरायची आणि कागदावर दाबायची. एचिंगची ही मरत चाललेली कला त्यांनी जिवंत केली. आपणही बारामतीत तिला जिवंत करू!"

माझं झेरॉक्सचं दुकान. मी म्हटलं, "सर, बारामतीत ती मेलीच कुठं? मरायला आधी जन्माला यावं लागतं!"

*

मेण काळं करायला पत्रा ज्योतीवर धरतात. मंडळातल्या सुनीताताईंनी धरला आणि तीन दिवस खपून लासुर्ण्याचा कालवा कोरला. पत्रा ओट्यावर ठेवून बाजारात गेल्या. परत येतात तर पत्रा लख्ख! सासूबाईंनी गरम पाणी, राख आणि चिंच लावून घासला होता.

"तांब्याचं भांडं एवढं काळं ठेवत्यात व्हय? आन् वरखडे तरी किती!"

*

छापायला दोन रुळांचं मशीन लागतं. तसं उसाचं मशीन पणदऱ्याच्या तात्यांच्या रसवंतीत होतं.

तात्या म्हणाले, "छापा हितं. पण एक चित्र माझ्या रानाचं पायजे, विहिरीसकट! न्हायतर मशीन बंद."

पहिला नमुना कळसच्या माळाचा. प्रदर्शनाला हॉल देणारे इंदापूरचे साहेब तो बघायला आले. भिंग लावून म्हणाले, "वा! मेंढरं किती बारीक कोरलीत!"

तेवढ्यात मेंढरं चालायला लागली.

रूळ धुवायचं काम माझ्याकडं होतं. रसाला मुंग्या लागणारच!

*

तात्यांची विहीर सरांनी स्वतः कोरली. अमेरिकनांसारखं थेट रानात बसून, जसंच्या तसं. पत्र्यावरचं छापताना उलटं येतं, डावं ते उजवं होतं, हे उत्साहात विसरले. विहीर गेली बांधापलीकडं, शेजारच्या अण्णांच्या रानात! आणि त्याच बांधावरून तात्या आणि अण्णा बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

"माझी विहीर त्याला दिली? उद्यापासनं मशीनला हात लावायचा न्हाय!"

सरांच्या आयुष्यातलं पहिलंच प्रदर्शन आठ दिवसांवर, आणि निम्मी छपाई बाकी. मला फार वाईट वाटलं. शेजारच्या सलूनमधला आरसा उचलून आणला आणि चित्रासमोर धरला. आरशात विहीर परत तात्यांच्या रानात!

तात्यांनी आरशातल्या विहिरीवर बोट टेकवलं. "हां. आता हाय."

मशीन वाचलं. चित्राची एक प्रत तात्यांच्या ओसरीवर लागली, समोरच्या भिंतीला आरसा. पाहुणा आला की तात्या त्याला चित्राकडं पाठ करून उभा करतात.

प्रदर्शनाला अण्णा आले. बाकी काही न बघता विहिरीच्या चित्रासमोर उभे राहिले. मग सरांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले,

"सर, ह्यातलं एक मला बी छापून द्या. आरसा नगं."