हिऱ्यातला ठिपका

उल्हासनगरच्या त्या दागिन्यांच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या सिंधी आंटी हिऱ्याचे गुण सांगायच्या आधी दोष दाखवतात. गिऱ्हाइकाच्या हातात भिंग देतात आणि म्हणतात, "कट, कलर, क्लॅरिटी मी नंतर सांगते. पहिले दाग शोध, बेटा."

माझ्या अंगठीच्या हिऱ्यात कडेला काळा ठिपका निघाला तेव्हा मी हिरमुसले. एवढे पैसे देऊन डाग कशाला घ्यायचा? आंटी मात्र खूश. "नुसत्या डोळ्याला दिसत नाही, चमक पण फुल आहे. ले ले!"

सैल झालेली ती अंगठी दुरुस्त होऊन आली, म्हणून परवा ती आणायला गेले. कारागिराने एकसारख्या दोन अंगठ्या पुढे ठेवल्या. त्यांना बांधलेल्या नावांच्या चिठ्ठ्या वाटेतच गळून पडल्या होत्या. दुसऱ्या अंगठीच्या मालकीणबाईही आल्या होत्या; त्यांनी बिनधास्त एक उचलली.

"रुको!" आंटींनी ती काढून घेतली आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. काउंटरवर उरलेल्या अंगठीत कडेला तो ठिपका नव्हता. बाईंनी उचललेल्या अंगठीत मात्र कडेला माझा ठिपका ऐटीत बसला होता.

"ही माझी!" मी ओरडलेच.

आंटींनी काउंटरवर थाप मारली. "शाबास!" मग भिंग त्या बाईंपुढे धरलं. "आता तू तुझा दाग शोध, बेटा. असतोच."