बंद पाकिटातली शिफारस

हातकणंगल्याच्या बसवराज किराणावाल्यांची विद्याश्री दोन हजार चार साली कोल्हापुरात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि अर्ज केला तो बेंगलोरच्या एका संस्थेत, सार्वजनिक धोरणाच्या एम.ए.ला. असलं काही शिकवतात हेच गावात कुणाला ठाऊक नव्हतं. शेजारची बाळाबाई म्हणाली, "धोरण शिकाय बेंगलोरला कशाला ग? लगीन झालं की आपसूक येतंय."

सगळी हसली, विद्याश्री सोडून. कॉलेजात असताना तिनं गल्लीतल्या बोअरचं पाणी तपासलं होतं. नायट्रेट भरमसाट निघालं. अहवाल घेऊन ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. कारकुनानं तो घेतला, टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाचा कप टेकवला. पाण्यात काय आहे हे कळून भागत नाही, ते बदलायचं कुणी आणि कसं हे शिकायचंय, असं तिनं अर्जात लिहिलं. लिहिताना पटलं, मग मात्र झोप उडाली. बाकीची पोरं अर्थशास्त्राची, राज्यशास्त्राची असणार. त्यांच्यात हिला कोण विचारतो?

अर्जाला दोन शिफारसपत्रं हवी होती, बंद पाकिटात. एक कॉलेजच्या बाईंनी दिलं. दुसरं कुणाकडे मागावं या विचारात ती होती, तेवढ्यात 'शिफारस' हा शब्द तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या कानावर पडला आणि त्यांचा चेहरा उजळला. पोरीच्या या सगळ्या भानगडीत त्यांना कळणारी ही पहिलीच गोष्ट होती.

"शिफारस व्हय? मग आधी सांगायचं न्हाय?"

दुकान बंद ठेवून आप्पा तीन दिवस गावचे पुढारी बाळासो यांच्या दारात बसले आणि शिक्का मारलेलं, चिकटवलेलं पाकीट घेऊन आले.

"आत काय लिवलंय, आप्पा?"

"आपुन कशाला बघायचं? सायबाचं पत्र हाय. कुणी मोडत न्हाय."

आप्पा इतके हरखले होते की नको म्हणायचा तिला धीर झाला नाही. फोडून बघावं तर पाकीट बाद. तिनं ते तसंच पाठवलं आणि त्या दिवसापासून जेवणावरची वासनाच गेली.

बेंगलोरला मुलाखतीला समोर तिघं होते. मधल्या वयस्कर बाईंनी ते पाकीट मराठी येणाऱ्या सरांकडे सरकवलं. सरांनी खणखणीत आवाजात वाचलं, "सदर कुमारिका आमचे जुने कार्यकर्ते श्री. बसवराज यांची कन्या असून या घरची सर्व मते आपल्याकडेच असतात. तरी तिचे काम प्राधान्याने करावे." मग त्यांनी त्याचं इंग्रजी करून सांगितलं.

उठावं आणि मिळेल ती गाडी धरावी, असं विद्याश्रीला वाटलं.

"यात तुमच्याबद्दल एक शब्द नाही," बाई म्हणाल्या. "हे का जोडलंत?"

खोटं बोलायचं तर सुचायला तरी हवं! मोडक्या इंग्रजीत ती खरं तेच बोलून गेली. "आमच्याकडे पत्र असंच असतं, मॅडम. रेशनकार्डाला, नळाला, दवाखान्यातल्या खाटेला. माझ्या पाण्याच्या अहवालाबरोबर असं पत्र नव्हतं, म्हणून त्यावर कप ठेवला गेला. या पत्रासाठी माझ्या वडिलांनी तीन दिवस दुकान बंद ठेवलं. याहून मोठं त्यांच्याजवळ द्यायला काही नाही."

सरांनी पत्राची नीट घडी घालून ते पाकिटात ठेवलं.

पुढचा महिना पोस्टमन दिसला की ती आत पळायची. शेवटी पाकीट आप्पांनीच घेतलं, तिच्याकडून वाचून घेतलं. प्रवेश मिळाला होता.

"बघ! म्हटलं न्हवतं? सायबाचं पत्र कुणी मोडत न्हाय!"

त्याच पावली आप्पा पेढे घेऊन बाळासोंकडे निघाले. तीही गेली, पाया पडली. बाळासो म्हणाले, "फुडं नोकरीला लागलं तरी सांग. दिऊ की पत्र." आप्पांनी डोळे पुसले. खरं काय झालं ते तिनं त्यांना कधीच सांगितलं नाही. पत्र नसतं तर तो प्रश्न आला नसता, आणि प्रश्न नसता तर ती एवढं बोलली असती का? आप्पांचंच खरं असलं तर, ही भीती तिला आजही आहे.

दोन हजार नऊपासून ती पाणीयोजनांच्या कचेरीत अर्ज बघते. बहुतेक अर्जांना कुणा ना कुणाचं पत्र जोडलेलं असतं. एखादा बिनपत्राचा अर्ज हातात आला की टेबलावर कितीही जागा असली तरी चहाचा कप ती खाली फरशीवर ठेवते.