नाभीच्या वर गॅस आहे

बुऱ्हाणपुरात डॉक्टरकी शिकून गेलेला एकही जण असा नसेल, ज्यानं आमच्या सोनोग्राफीवाल्या सरांचं यकृत पाहिलेलं नाही. माणसाचा स्वभाव कळायला वर्षं लागतात म्हणे, पण सर आतून आम्हाला पहिल्याच आठवड्यात पाठ झाले. उजवी किडनी डावीपेक्षा जराशी खाली, पित्ताशय लांबट, आणि मूत्राशयाचं तर काय वर्णन करावं! भरलेलं मूत्राशय दाखवलं नाही तर पोरं शिकणार काय, म्हणून सर वर्गाआधी चार तांबे पाणी पिऊन यायचे. मग शर्ट वर करून टेबलावर आडवे व्हायचे आणि छताकडे बघत ओरडायचे, "चला रे, किताब खुली आहे! पढो!" आम्ही सहा इंटर्न, आणि माझा नंबर नेहमी सहावा. तोवर सरांच्या कपाळावर घाम आणि पायाला पाय घट्ट. "जल्दी कर बेटा, किताब फुटून जाईल!"

ते शिकवायचे ती गोष्ट तशी एकच. अपघाताचा माणूस आला, की त्याच्या पोटावर यंत्र फिरवून दोन मिनिटांत सांगायचं, आत रक्त साचलंय की नाही. यकृत आणि किडनीच्या मध्ये काळी रेघ दिसली तर साचलंय, नाही दिसली तर पुढे सरका. "आहे, नाहीतर नाही. एवढंच बोलायचं," सर म्हणायचे. "बाहेर त्याची बायको उभी आहे, तिला तुमचं बहुतेक घेऊन काय करायचं?" 'बहुतेक' हा शब्द त्यांच्या वर्गात बंद होता. तोंडातून निघाला रे निघाला, की शिक्षा: उभ्या उभ्या एक केळं खायचं. बहादरपुरात सरांच्या भावाची केळीची बाग, त्यामुळे दाराआड घड कायम टांगलेला. आता तुम्ही म्हणाल, ही काय शिक्षा झाली? रोज सात-सात केळी आठवडाभर खाऊन बघा आणि मग माझ्याशी बोला. खंडव्याहून आलेला आमचा एक दोस्त स्वभावानंच संशयी होता. तीन महिन्यांत त्याच्या ॲप्रनची बटणं लागेनाशी झाली.

जिवंत पोटाआधी सराव हवा, म्हणून सर घरी एक जेली बनवायचे. चायना ग्रास, त्यात दोन मुठी इसबगोल, आणि पित्ताचे खडे म्हणून आत लपवलेली दोन काळी द्राक्षं. यंत्रावर ती हुबेहूब माणसाच्या आतड्यामांसासारखी दिसायची आणि द्राक्षं आम्ही शोधायची. एकदा चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी जळगावहून काकूंचे, म्हणजे सरांच्या बायकोचे, भाऊ आले आणि फ्रीज उघडून त्यांनी तो अख्खा डबा संपवला. वर काकूंना म्हणाले, "ताई, झाली छान, पण साखर टाकायची विसरली वाटतं तू!" दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्यांचं काय झालं हे इसबगोल ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. सरांना मात्र दुःख वेगळंच. "माझे दोन पित्ताचे खडे गिळले भो त्यानं," असं ते महिनाभर येईल त्याला सांगत होते.

एवढं सगळं पोट आम्हाला मोकळं, पण एक जागा बंद होती. नाभीच्या वर, मधोमध, चार बोटं. तिकडे यंत्र वळलं की सरांचा हात यायचाच. "तिथे गॅस आहे. काही दिसत नाही. सरक खाली." आम्हीही मान डोलवायचो. काकूंच्या हातची वरण-बट्टी खाणाऱ्या माणसाच्या पोटात गॅस असणार नाही तर काय!

पण मी बुऱ्हाणपुरातल्या लालबागची. एखाद्या दाराला हात लावू नको म्हटलं, की आमचा हात तिथेच जातो. एके दिवशी सर जेलीचं पुराण सांगण्यात रंगले होते. तेवढ्यात मी यंत्र हळूच वर सरकवलं. गॅसबिस काही नव्हता, चित्र एकदम स्वच्छ. मणक्याच्या पुढ्यात पोटातली मुख्य रक्तवाहिनी धडधडत होती. ती दोन सेंटिमीटर रुंद असायला हवी. ही फुग्यासारखी फुगलेली. मी मोजली, पुन्हा मोजली. साडेपाचच्या पुढे. अशी वाहिनी एक दिवस फुटते, आणि फुटली की माणूस ऑपरेशनच्या टेबलापर्यंतसुद्धा पोचत नाही, हे आम्हाला सरांनीच शिकवलं होतं.

"सर, इथे गॅस नाहीये."

सरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. "मशीनची सेटिंग बिघडली असेल. बहुतेक."

सरांच्या तोंडून तो शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

"सर, तुम्हाला हे माहीत होतं?"

"दोन साल झाले," ते छताला सांगावं तसं म्हणाले. "मीच पाहिली होती. साडेचार होती तेव्हा. दर सहा महिन्यांनी मोजायला पाहिजे होती. पण प्रत्येक वेळी वाटायचं, बहुतेक नसेल वाढली."

माझं डोकंच फिरलं. राग आला, भीती वाटली, रडूही आलं, सगळं एकदम. मी दाराआडून केळं तोडून आणलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "दोनदा बोललात. दुसरं नंतर देते."

शर्ट वर, पोटावर जेल फासलेलं, मूत्राशय फुटायला आलेलं, अशा अवस्थेत उभं राहून आमच्या सरांनी ते केळं निमूट खाल्लं. मग म्हणाले, "पोरांची परीक्षा होऊन जाऊ दे, मग जातो इंदूरला ऑपरेशनला. तुझ्या काकूला सांगू नको, बेटा."

"सांगणार," मी म्हटलं आणि तशीच घरी जाऊन सांगितलं. काकू कणीक मळत होत्या. त्यांनी हात धुतले, भावाला फोन केला, कपाटावरची बॅग काढली. रडल्या त्या बॅग भरून झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसताना सरांनी मला जवळ बोलावलं. ज्या माणसानं आम्हाला इतके महिने दटावून ठाम बोलायला लावलं होतं त्याचा आवाज बारीक झाला होता. "सांग, येईन ना गं परत?"

मला काय ठाऊक? कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मी म्हटलं, "येणार."

"दिसतंय तुला?"

"स्वच्छ दिसतंय, सर."

आले परत! महिनाभरात आले, बारीक होऊन, आणि टेबलावर टेकताच शर्ट वर केला. आत बसवलेली नवी नळी पडद्यावर चमकत होती. "बघा, किताबची नवी आवृत्ती," म्हणाले. नाभीच्या वरची जागा त्या दिवसापासून सगळ्यांना मोकळी झाली. सरांचं राहिलेलं दुसरं केळं मात्र मी वसूल केलंच.

आता मी नागपूरला एका दवाखान्यात अपघात विभागात असते. सरांनी शिकवणं सोडलं, कानांनीही थोडी साथ सोडली. परवा फोनवर म्हणाले, "कधी येते तू? काकू रोज विचारते."

ड्यूटीचा तक्ता डोळ्यांपुढे होता. "दिवाळीला येईन सर, बहुतेक."

मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल. पण ते म्हणाले, "घरात केळं आहे का?"

नव्हतं. खाली जाऊन हातगाडीवरून एक घेतलं आणि तिथेच रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या खाल्लं. मग सरांना परत फोन लावला आणि मोठ्यानं म्हटलं, "येते."